'फिअर अपील'ला मराठीत काय म्हणाल?

शब्दखूळ: मदत हवीये. जाहिराती लोकांचं मन कसं वळवतात यावरचा एक धडा मराठीत करतेय आणि अपील या शब्दापाशी गाडी अडलीये. इमोशनल अपीलला सगळे 'भावनिक आवाहन' लिहितात म्हणून मीही तेच ठोकलं, पण पुढे फिअर अपील, म्हणजे भीती दाखवून मन वळवणं, आलं आणि 'भीतीचे आवाहन' वाचून मलाच हसू फुटलं, भीतीला हाका मारून बोलावतोय असं वाटतं. दुसरं काही सुचतंय का?

नाना_उवाच: हसू येणारच. आवाहन उघड असतं, मदतीचं आवाहन करणारा तोंडावर सांगतो की मदत करा. जाहिरात तसं कुठे म्हणते? सरळ 'भीती घालणे' लिहा.

शब्दखूळ: नाना, ते एकटं चालेल हो. पण धड्यात अ‍ॅरिस्टॉटलचं त्रिकूट आहे, इथोस पेथॉस लोगोस, म्हणजे बोलणाऱ्याची पत, ऐकणाऱ्याच्या भावना आणि युक्तिवाद. तिन्हींना लागेल असा एकच शब्द हवाय.

राधिका_ज: साद! भावनेला साद, तर्काला साद.

खवचट: तर्काला साद कोण घालतं, कविता चाललीये का

पानभर: मला नानांचं पटतं, फक्त 'घालणे' थोडं ढोबळ आहे. लिस्टरिनचं बघा. १८७९ सालचं जंतुनाशक, पण १९२० च्या दशकात त्यांनी वैद्यकातला 'हॅलिटोसिस' हा अडगळीतला शब्द उचलला आणि तोंडाच्या वासाला आजाराचं नाव देऊन टाकलं. जाहिरातीत एक देखणी मुलगी, तिचं लग्न काही जमत नाही, आणि कारण तिला जिवलग मैत्रीणसुद्धा सांगत नाही. आता गंमत अशी की आपल्या तोंडाला वास येतो का हे आपलं आपल्याला धड कळत नाही, म्हणजे वाचणारा प्रत्येकजण संशयित! इथे कुणी 'भ्या' म्हणालं नाही, नुसता किडा सोडला. याला मी भीती *चेतवणे* म्हणेन.

राधिका_ज: चेतवणे छान आहे, पण मग तर्क पण चेतवणार का?

मराठीच_बोला: मुळात जाहिरात हाच शब्द परका, अरबी 'जाहिर'वरून आलेला. विज्ञापन म्हणा की.

नाना_उवाच: अहो, पेशवाईतली पत्रं काढून बघा, 'विज्ञापना' म्हणजे धाकट्याने थोरल्याला केलेली नम्र विनंती. हल्लीच्या कुठल्या जाहिरातीत नम्रपणा दिसला तुम्हाला? जाहिरात आता मराठीच झालीये, शिळ्या कढीला ऊत नको.

खवचट: नम्रपणा असतो ना, '५० टक्क्यांपर्यंत सूट' मध्ये. ५० हाताएवढा आणि 'पर्यंत' मुंगीएवढा. इतकं नम्र शब्दयोगी अव्यय मी दुसरं पाहिलं नाही 😄

पानभर: +१. आणि ते खोटंही नाही, हीच तर मेख. एकाच वस्तूवर ५० दिली तरी वाक्य खरं, बाकीचं आपण मनातल्या मनात भरतो.

शब्दखूळ: हे धड्यात घालतेच. पण अपीलचं काय??

मराठीच_बोला: आव्हान लिहू नका म्हणजे झालं, वर्तमानपत्रवाले सर्रास मदतीचे 'आव्हान' करतात.

राधिका_ज: संस्कृतात 'आह्वान' म्हणजे बोलावणंसुद्धा, त्यामुळे अगदीच पाप नाही ते.

मराठीच_बोला: ताई, आह्वान 'ह्वे' धातूवरून, आवाहन 'वह्' वरून. दोन वेगळे शब्द आहेत, उगाच सरमिसळ नको. मराठीत आव्हान म्हणजे चॅलेंजच.

राधिका_ज: धातू वेगळे हे मला ठाऊक आहे हो, मी अर्थाबद्दल बोलतेय. लोक बोलतात तो अर्थ की कोशातला, ते आधी ठरवा. मघाशी जाहिरातीला परकी म्हणताना तुम्ही लोकांचं ऐकलं नाहीत, आता म्हणे 'मराठीत'

खवचट: 🍿