किडनीचा आजार आणि मधल्या वेळचं खाणं: तुमचे अनुभव सांगा

जेवणाचं पथ्य आहारतज्ज्ञ लिहून देतात. अडतं ते संध्याकाळी, काहीतरी तोंडात टाकावंसं वाटतं तेव्हा. किडनीचा जुनाट आजार असलेले आणि त्यांचं खाणंपिणं सांभाळणारे, सगळ्यांनी लिहा. एकच विनंती: आजाराचा टप्पा, डायलिसिस आणि पोटॅशियमबद्दल आधी सांगा. नाहीतर एकाचं पथ्य दुसऱ्याला बाधायचं.

तिसरा टप्पा, पोटॅशियम नॉर्मल, रक्तदाब जास्त
मला सांभाळायचं ते मीठ. दिवसभरात सोडियम 2 ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळं मिळून साधारण 5 ग्रॅम मीठ. पाकिटावरच्या सोडियमला अडीचने गुणलं की मीठ कळतं. हा हिशोब करायला लागल्यापासून वेफर्स सुटले. आता घरी फोडलेले बिनमिठाचे पॉपकॉर्न, वर मिरपूड आणि लिंबू. डॉक्टरांनी फळं बंद केलेली नाहीत, त्यामुळे केळंही खातो. किडनी म्हटली की केळं बंद, असं सरसकट सांगणाऱ्यांचा मला राग येतो.

चौथा टप्पा, पोटॅशियम वाढतं. वडिलांसाठी लिहितेय
आमच्याकडे मात्र केळं, संत्रं, सुका मेवा बंद. सफरचंद, पेअर, अननस चालतं, तेही एका वेळी थोडंच. बाबांना बटाटा हवाच असतो. मग बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळते, पाणी फेकते, पुन्हा नव्या पाण्यात उकळते. पोटॅशियम सगळं जात नाही, पण बरंच उतरतं.

कळकळीने सांगते, 'कमी सोडियम'वाल्या मिठापासून सांभाळा. त्यात सोडियमच्या जागी बऱ्याचदा पोटॅशियम क्लोराइड असतं. माणसं प्रेमाने आणून देतात, पण पोटॅशियम फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. 'कमी मिठाची' बिस्किटं घेतानाही घटकांची यादी वाचा. आणि स्टारफ्रूट एक फोडसुद्धा नको. त्यातलं विष निकामी किडनीतून बाहेर पडत नाही आणि मेंदूवर जातं. न थांबणारी उचकी, भ्रम, झटके येऊ शकतात.

डायलिसिसवर आहे
डायलिसिसमध्ये प्रथिनं निघून जातात, म्हणून मला ती जास्त खायला सांगितलीत. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग हे माझं ठरलेलं खाणं. बलकात फॉस्फरस जास्त. कोला आणि प्रोसेस्ड चीज बंद. वरून घातलेलं फॉस्फेट शरीर जवळजवळ सगळं शोषून घेतं, डाळी-दाण्यांमधलं त्या मानाने बरंच कमी. पाकिटावर फॉस्फरसचा आकडा सहसा नसतो, म्हणून घटकांत 'फॉस्फ' दिसलं की मी पाकीट परत ठेवते. खारट खाल्लं की तहान आवरत नाही आणि पुढच्या डायलिसिसपर्यंत वजन चढतं.

मधुमेह, चौथा टप्पा, पोटॅशियम जास्त
साखर अचानक उतरली की संत्र्याचा रस द्यायची पद्धत आहे. आपल्याला त्यातलं पोटॅशियम नको. डॉक्टरांना विचारून मी ग्लुकोजच्या गोळ्या ठेवते, घरी सफरचंदाचा रस. गोळ्या पर्सच्या कुठल्या कप्प्यात आहेत, ते ऑफिसात शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला सांगून ठेवलंय.