जुन्या लेथच्या स्पिंडलचे बुश आवळावेत की नवे बसवावेत?

प्रश्न (भोसरी)

सप्रेम नमस्कार. भोसरीतील आमच्या शेडमध्ये वडिलांनी घेतलेली, कोन पुली आणि पट्ट्यावर चालणारी जुनी लेथ (धातूचा तुकडा, म्हणजे जॉब, फिरवून कापणारे यंत्र) आहे. तिचे स्पिंडल (जॉब फिरवणारा मुख्य दांडा) गनमेटलच्या, एका बाजूने चिरलेल्या बुशांमध्ये (बेअरिंगचे काम करणाऱ्या नळ्यांमध्ये) फिरते. हे बुश बाहेरून टेपर असून दोन्ही टोकांच्या नटांनी सरकवता येतात. बारीक कट घेताना काम उत्तम होते, परंतु पार्टिंग करताना (जॉबचा तुकडा कापून वेगळा करताना) जॉब थरथरतो. आश्चर्य म्हणजे डायल (बारीक हालचाल मोजणारे काट्याचे उपकरण) लावून चक (जॉब पकडणारा भाग) हाताने फिरवले, तर काटा अर्ध्या थाऊपेक्षा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जास्त हलत नाही. मग दोष बेअरिंगचा मानावा की टूलचा?

उत्तर (कोथरूड, हौशी टर्नर)

चक हाताने फिरवून रनआउट (फिरताना होणारी वाकडी चाल) कळतो, ढिलाई कळत नाही. मशीन मोकळे असताना चकच्या वजनाने स्पिंडल बुशच्या तळाशी बसलेले असते. टूल समोरून जोरात कापू लागले, की तेच जॉबला वर आणि मागे ढकलते, आणि बुशमध्ये जागा असेल तर स्पिंडल उचलले जाते. प्रथम पट्टा उतरवावा, कारण त्याचा ताणही स्पिंडलला एका बाजूला ओढतो. मग डायलचा मॅग्नेटिक बेस हेडस्टॉकवरच (स्पिंडल धरणाऱ्या भागावरच) ठेवून (बेडवर ठेवल्यास इतर सांध्यांची लवचीकताही मोजली जाते) डायलचे टोक स्पिंडलच्या नाकावर वरून टेकवावे आणि आरपार भोकात लाकडी दांडा घालून अलगद उचलावे. तुमच्या आकाराच्या स्पिंडलला दोन-तीन शतांश मिलिमीटर ढिलाई योग्यच आहे, कारण तेलाच्या थराला जागा लागते. पाच शतांशाच्या पुढे गेल्यास मात्र बुशकडे लक्ष द्यावे.

उत्तर (चिंचवड, निवृत्त फिटर)

वरील चाचणी बरोबर आहे, तरीही नटाला पाना लावण्यापूर्वी स्पिंडल बाहेर काढावे. त्याची जर्नल (बुशमध्ये फिरणारा भाग) मायक्रोमीटरने तीन-चार ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी आडवी-उभी मोजावी. जर्नलच अंडाकृती झाली असेल, तर बुश कितीही आवळले तरी एका जागी घट्ट आणि दुसरीकडे ढिले राहणार. तेव्हा आधी जर्नल ग्राइंड करावी लागते आणि मग तिच्या मापाचे नवे बुश. जर्नल गोल असेल, तर जुनेच बुश चालतील.

आवळताना बुशच्या चिरेतील पॅकिंग (चीर भरणारी पट्टी) आधी सैल करावे, मागचा नट थोडा सोडावा आणि पुढचा तेवढाच घ्यावा. एकदम पाव फेराही देऊ नये. पुन्हा डायल पाहावा आणि शेवटी पॅकिंग घट्ट बसवावे, नाहीतर कट घेताना बुश मिटत-उघडत राहते. ढिलाई शून्यावर आणण्याचा मोह नवशिक्यांना हमखास होतो. सकाळी मशीन छान फिरते आणि दुपारी स्पिंडल तापून फुगले की जाम होते. मार्किंग ब्लू (टेकणाऱ्या जागा दाखवणारा निळा रंग) लावून टेकण पाहिल्यावर डाग एकाच कडेला आले, तर स्क्रेपरने तेवढेच उंचवटे काढावेत. एमरी कापड बुशला कधीही लावू नये, तिचे कण गनमेटलमध्ये रुततात आणि पुढे जर्नल खातात. तेल पातळ, स्पिंडलचेच, ग्रीस नको.

प्रश्नकर्ता (भोसरी)

आपणा दोघांचे आभार. डायलने पुढच्या बुशची ढिलाई आठ शतांश दाखवली. जर्नलमध्ये जेमतेम एक शतांशाचा फरक निघाला, म्हणून ग्राइंडिंग टाळले. तीन वेळा थोडे थोडे आवळून ढिलाई तीन शतांशावर आणली आहे. सर्वांत कमी वेगावर अर्धा तास चालवल्यावर हेडस्टॉक कोमट होता, हात सहज ठेवता येत होता. पार्टिंगमधील थरथर बरीच कमी झाली, पण पूर्ण गेली नव्हती; तपासता पार्टिंग टूल सेंटरच्या किंचित वर बसवलेले आढळले आणि ते कापण्याऐवजी घासत होते. खालची एक पातळ पट्टी काढल्यावर तीही गेली.