मदत हवी आहे : हॅगलर-लेनर्ड लढतीतील निसटत्या फेऱ्यांचे गुण कसे द्यावेत?

६ एप्रिल १९८७ रोजी लास वेगासमध्ये झालेली मार्विन हॅगलर आणि शुगर रे लेनर्ड यांची बारा फेऱ्यांची मुष्टियुद्धाची (बॉक्सिंगची) लढत मी आवाज बंद ठेवून, प्रत्येक फेरीनंतर चित्रफीत थांबवून पाहिली आहे. समालोचनाचा आणि प्रेक्षकांच्या आरोळ्यांचा प्रभाव पडू नये, एवढाच त्यामागचा हेतू होता. डावखुऱ्या हॅगलरने सुरुवातीला उजव्या पवित्र्यात (उजव्या हाताच्या खेळाडूसारखे उभे राहून) खेळून गमावलेल्या फेऱ्यांबद्दल मला शंका नाही. अडचण उत्तरार्धात आहे. तेथे हॅगलर सतत पुढे सरकतो, तर लेनर्ड बराच वेळ मागे फिरून अखेरच्या अर्ध्या मिनिटात ठोशांची सरबत्ती करतो. त्यातले अनेक ठोसे मला हातमोज्यांवरच अडलेले दिसतात.

तिघांपैकी एका परीक्षकाने ११५-११३ असे हॅगलरला, दुसऱ्याने तितक्याच फरकाने लेनर्डला, तर तिसऱ्याने चक्क ११८-११० असे लेनर्डला गुण दिले. हा तिसरा आकडा मला कोणत्याही हिशेबाने पटत नाही, पण वाद त्याचा नाही, आणि लढत कोणी जिंकायला हवी होती हेही मी विचारत नाही. बरोबरीची १०-१० फेरी द्यायची नाही असे ठरवल्यास, स्वच्छ ठोसे जवळपास समान असलेल्या अशा फेरीत परिणामकारक आक्रमण आणि रिंगवरील नियंत्रण (लढत आपल्या मर्जीने खेळवणे) यांपैकी आधी काय पाहावे, आणि हातमोज्यांवर अडलेल्या ठोशांना काही वजन द्यावे का?