एका प्लॉटवर चार बिऱ्हाडं: शेजाऱ्यांना विचारायचं का?

बीव्हर्टनकर

पोर्टलँडच्या पश्चिमेला, बीव्हर्टनमध्ये राहतो. आमच्या कोपऱ्यावर साठच्या दशकातलं एक बैठं घर होतं. पुढे-मागे ऐसपैस जागा, परसात डग्लस फरची दोन उंच झाडं. तिथल्या आजी वारल्या, मुलांनी घर विकलं, आणि आता तिथे चार घरांचं जोतं बांधलं जातंय.

परवा शेजारचे गृहस्थ क्लिपबोर्ड घेऊन दारात. सत्तरीचे आहेत, बर्फ पडला की माझ्या दारासमोरचाही न सांगता काढतात. कागदावर 'वस्तीचं रूप बिघडतंय' अशा अर्थाचा मजकूर आणि खाली सतरा सह्या. मी सही केली नाही. ते म्हणाले, "तूही घरमालकच ना?" तेव्हापासून हात हलवतात, पण थांबून बोलत नाहीत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बंगला आणि टोलेजंग अपार्टमेंट यांच्या मधली घरं, म्हणजे दुघरी, तिघरी, चौघरी, रो-हाउस, एका अंगणाभोवतीच्या छोट्या कॉटेज, यांना इथे 'मिडल हाउसिंग' म्हणतात. अमेरिकेतल्या बहुतेक शहरांत निवासी जमिनीचा मोठा भाग 'एका प्लॉटवर एकच कुटुंब' या झोनखाली होता (झोन म्हणजे कुठे काय बांधता येतं याचे पालिकेने आखलेले विभाग). ओरेगनने २०१९ मध्ये हाउस बिल २००१ आणून तो नियम मोडला. २५ हजारांवर वस्तीच्या शहरांनी अशी घरं निवासी भागात होऊ द्यायची, मुदत जून २०२२. उंची, कडेने सोडायची मोकळी जागा वगैरे मोजता येणारे नियम पाळले की परवानगी. त्या चार घरांसाठी वेगळी सुनावणी नाही, म्हणजे आमच्या शेजाऱ्यांच्या कागदाला तसा काही अर्थ नाही.

आणि मला ते बरोबर वाटतं. नियम ठरत होते तेव्हा मी ऑनलाइन सुनावणीला बसलो होतो. प्रत्येकाला तीन मिनिटं. बोलणारे जवळजवळ सगळे "मी इथे तीस वर्षं राहतो" अशी सुरुवात करणारे. भाड्याने राहणारा एकही नाही. संध्याकाळी साडेसहाला कुणाची शिफ्ट असते, कुणाचं पोर रडत असतं. आणि उद्या त्या चार घरांत येणारा माणूस आज इथे राहतच नाही, तो बोलणार कुठून? बोस्टन युनिव्हर्सिटीच्या अभ्यासकांनी मॅसॅच्युसेट्समधल्या अशा सभांची इतिवृत्तं चाळली, तर नव्या घरांच्या बाजूने बोलणारे जेमतेम १५ टक्के निघाले. बोलणारे सरासरीपेक्षा वयस्क, पुरुष आणि घरमालक.

माझं म्हणणं एवढंच: लोकांना 'कसं बांधायचं' हे जरूर विचारा. 'बांधायचं का' हे शेजाऱ्यांना विचारू नका. मंडळी, घ्या तोंडसुख.

निवृत्त नकाशाकार

घेतो. मी वॉशिंग्टन राज्यात, तुमच्या वरच्या अंगाला. इथेही २०२३ मध्ये हाच प्रकार झाला, हाउस बिल १११०. मोठ्या शहरांत प्लॉटमागे चार घरं, बस-रेल्वेच्या मोठ्या थांब्याजवळ सहा.

मी घर घेताना पालिकेत जाऊन झोनिंगचा नकाशा पाहिला होता. पगाराची वीस वर्षं त्या नकाशावर लावली. तो नकाशा राजधानीत बसून कुणी बदलला, आणि आता तुम्ही सांगताय की मला फक्त 'कसं' ते विचारणार! लग्न ठरवून झालं, आता तुम्ही वाजंत्री कोणती ते सांगा, अशातला प्रकार.

तुमच्याच ओरेगनमध्ये १९७३ च्या जमीन नियोजन कायद्यानंतर राज्याची एकोणीस उद्दिष्टं ठरली, त्यातलं पहिलं उद्दिष्ट काय आहे? नागरिकांचा सहभाग. पहिलं, एकोणिसावं नव्हे. शिवाय लोकांना डावललं की ते कोर्टात जातात. व्हर्जिनियात आर्लिंग्टनच्या मंडळाने मार्च २०२३ मध्ये पाच विरुद्ध शून्य मतांनी एका प्लॉटवर सहा घरांपर्यंत मुभा दिली. रहिवासी कोर्टात गेले आणि २०२४ मध्ये न्यायाधीशांनी तो निर्णय रद्द ठरवला.

बीव्हर्टनकर

काका, आर्लिंग्टनचं उदाहरण माझ्या पथ्यावर पडतं. तिथे डावललं कुठे होतं? दोन-तीन वर्षं अभ्यास, बैठका, जाहीर सुनावण्या. तरी खटला झालाच. वरच्या कोर्टाने २०२५ मध्ये तो निकाल बाजूला ठेवून प्रकरण परत पाठवलं, म्हणजे तेवढ्यावर मिटलं नाही. भरपूर विचारलं म्हणून कुणी कोर्टात जात नाही असं नसतं.

मिनेसोटाची थंडी

आमच्याकडचा किस्सा ऐका. 'मिनियापोलिस २०४०' हा आमच्या शहराचा आराखडा, डिसेंबर २०१८ मध्ये कौन्सिलने १२ विरुद्ध १ मतांनी मंजूर केला. सगळीकडे हेडलाइन: एक-कुटुंब झोन संपवणारं मोठं शहर. त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत लाल पाट्या उगवल्या होत्या, 'आमच्या वस्त्यांवर बुलडोझर फिरवू नका'. समोरच्या घरात लाल पाटी, त्याच्या शेजारी 'सर्वांचं इथे स्वागत आहे' ही पाटी. एकाच हिरवळीवर! मी फोटो काढून आईला पाठवला. तिने विचारलं, निवडणूक आहे का गं?

पण पालिकेचे लोक फक्त सभागृहात माइक लावून बसले नव्हते. रस्त्यावरच्या जत्रांत टेबल टाकून विचारायचे, "तुमच्या मुलांनी याच शहरात राहावं असं वाटतं का? मग ती कुठे राहतील?" प्रश्न असा आला की उत्तर बदलतं. आणि लोकांचं ऐकलंही. पहिल्या मसुद्यात प्लॉटमागे चार घरं होती, ओरड झाल्यावर तीन केली.

पुढची गंमत म्हणजे पक्षी आणि पर्यावरणवाल्या संस्थांनी पर्यावरण कायद्याखाली खटला भरला, २०२२ मध्ये कोर्टाने आराखडा थांबवला, शेवटी २०२४ मध्ये विधिमंडळाने अशा आराखड्यांना त्या कायद्यातून सूट दिली तेव्हा गाडं सुटलं. आणि एवढा धुरळा ज्या तिघऱ्यांवरून उडाला त्या मोजक्याच बांधल्या गेल्या. नवी घरं झाली ती बहुतेक मोठ्या रस्त्यांवरच्या मोठ्या इमारतींत. त्याबद्दल लाल पाटी कुणीच लावली नव्हती.

किडा इतिहासाचा

काका ज्या नकाशावर वीस वर्षं लावली म्हणतात, त्या नकाशाचं कूळ बघा. १९१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने वंशावरून वस्त्या वेगळ्या करणारे पालिकांचे नियम बेकायदा ठरवले. मग वंश लिहायचा नाही, घराचा प्रकार लिहायचा, ही वाट अनेक शहरांनी धरली. १९२६ मध्ये युक्लिड गावाच्या खटल्यात त्याच कोर्टाने झोनिंगला मान्यता दिली, आणि निकालपत्रात बंगल्यांच्या वस्तीतल्या अपार्टमेंटला चक्क बांडगूळ म्हटलं. त्या नकाशासाठी तेव्हा कुणाकुणाला विचारलं होतं?

निवृत्त नकाशाकार

इतिहास मान्य. पण १९२६ च्या पापाचं बिल माझ्या ड्राइव्हवेवर का आणून ठेवता? १९२६ मध्ये माझे आजोबा चिपळूणला होते.

मुठेकाठचा

अमेरिकेत सुनावणीच नाही म्हणून भांडताय. आमच्याकडे कायद्याने सुनावणी आहे, तिचं काय होतं ते सांगतो.

महाराष्ट्रात १९६६ चा नगररचना कायदा. प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध करायचा, हरकती-सूचना मागवायच्या, समितीने सुनावणी घ्यायची. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या आराखड्यावर २०१३ मध्ये ८७ हजारांच्या आसपास हरकती आल्या. त्यानंतर २०१५ मध्ये राज्य सरकारने आराखडाच पालिकेच्या हातून काढून घेतला आणि अधिकाऱ्यांची समिती नेमली.

स्वतःचा अनुभव एका छोट्या नगरपरिषदेतला, नाव नको. मामाच्या वाड्यावरून रस्ता दाखवला होता. हरकतीचा क्रमांक घेऊन बाकावर बसलो, आत गेलो. साहेबांनी विचारलं, "लेखी दिलंय ना?" हो म्हटलं. "मग झालं." बाहेर आलो तेव्हा मामाचा चहा अजून गरम होता. त्यापेक्षा तुमची तीन मिनिटं चैन आहे हो.

वाड्याचं निघालं म्हणून सांगतो. त्या वाड्यात नऊ बिऱ्हाडं होती. तुमचं मिडल हाउसिंगच की! फक्त आपण त्याला वारसा म्हणतो आणि पाडून पार्किंगवर सात मजले चढवतो.

निवृत्त नकाशाकार

मुठेकाठचे, मुंबईचंही सांगा ना मग. २०१५ च्या प्रारूप आराखड्यात उभ्या इमारतींवरून रस्ते गेले होते, वारसा यादीतल्या वास्तू गायब होत्या. त्या चुका पकडल्या त्या सामान्य मुंबईकरांनी, आपापल्या गल्लीचा नकाशा बघून. हजारो हरकती आल्या, एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो मसुदा पुन्हा करायला लावला. नोकरीभर नकाशे काढले आहेत मी. टेबलावरून गल्ली दिसत नाही. शेजारी म्हणजे फक्त अडथळा नव्हे, तो माहिती असलेला माणूस आहे.

बीव्हर्टनकर

हे मला पटतंय, काका. मी 'कसं' म्हणतो त्यात हेच येतं. फक्त मुंबईच्या हरकती नकाशातल्या चुकांवर होत्या. "समोर भाडेकरू येतील" ही हरकत नकाशातली चूक नव्हे.

युजीनची भाडेकरू

इतका वेळ घरमालकच बोलताहेत, नेहमीप्रमाणे. :)

मी युजीनला, म्हणजे ओरेगनमध्येच, शिकायला आले आणि राहिले. आमच्याकडे याच कायद्यासाठी २०२०-२१ मध्ये एक प्रयोग झाला. शहरातून सोडत काढून तीसेक माणसं निवडली. वय, वंश, घरमालक की भाडेकरू, असं सगळं शहरातल्या प्रमाणात. त्यांनी ऑनलाइन बैठका घेतल्या, जाणकारांना प्रश्न विचारले, मग पालिकेला आपलं म्हणणं दिलं. मे २०२२ मध्ये कौन्सिलने नियम केले. विरोध तरीही कडाडून झाला. पण माइकपाशी सगळ्यांत आधी पोहोचतो तोच शहर, असं तरी राहिलं नाही. ज्यांना सभेला जायचं कधी सुचलंही नसतं अशांना मुद्दाम बोलावणं आणि दार उघडं ठेवून 'या कुणीही' म्हणणं, यात फार फरक आहे. दार उघडं असलं तरी मी तीन वर्षांत एकदाही गेले नाही. मला वाटायचं, ते घरवाल्यांसाठी आहे.

मुठेकाठचा

म्हाडाच्या सोडतीत घर मिळतं, युजीनच्या सोडतीत मत मिळतं. दोन्हीकडे नंबर लागायला नशीब लागतं.

निवृत्त नकाशाकार

सोडतीतल्या तीस जणांना जाणकार कोण पुरवतो? पालिका. प्रश्न कोण ठरवतं? पालिका. मिनियापोलिसच्या ताई म्हणाल्या तेच: "तुमची मुलं कुठे राहतील" असं विचारलं की उत्तर बदलतं. मी विचारेन, "पावसाचं पाणी कुठे जाणार?" मग बघा उत्तर.

युजीनची भाडेकरू

काका, मग हा प्रश्नही सोडतवाल्यांसमोर ठेवा ना. तुमच्यासारखा माणूस जाणकार म्हणून बोलवायला हवा, त्याला तीन मिनिटांत बसवायला नको.

निवृत्त नकाशाकार

बोलावलं तर येईन. मानधन देणार का? गंमत केली.

बीव्हर्टनकर

पाण्याचं निघालंच म्हणून. काल शेजाऱ्यांकडे मीच गेलो. सहीचा विषय काढला नाही. त्यांनी मला त्यांचं तळघर दाखवलं. भिंतीवर जमिनीपासून वीतभर उंचीवर तपकिरी रेघ आहे, १९९६ च्या फेब्रुवारीतल्या पुराची, स्वतः पेन्सिलने तारीख लिहिलेली. कोपऱ्यावरचा प्लॉट त्यांच्यापेक्षा उंच आहे. आजवर तिथलं पाणी परसातल्या मातीत मुरायचं. आता तिथे चार छपरं आणि काँक्रीट येणार. हे त्या सतरा सह्यांच्या कागदावर कुठेच नव्हतं! विचारलं तर म्हणाले, "तसं लिहिलं असतं तर कुणी सही केली नसती, ते फक्त माझं तळघर आहे."

पालिकेच्या साइटवर त्या चार घरांचे नकाशे आहेत, सांडपाणी आणि पावसाचं पाणी वेगळ्या पानावर. शनिवारी आम्ही दोघं ते पान घेऊन कंत्राटदाराला भेटणार आहोत. काका, त्यात नेमकं काय बघू?

निवृत्त नकाशाकार

समपातळी रेषा बघा, म्हणजे उतार कळेल. छपराचे पन्हाळे कुठे सोडलेत ते बघा, सार्वजनिक लाइनला की खड्ड्यात. शोषखड्डा असेल तर तो तुमच्या शेजाऱ्यांच्या भिंतीपासून किती फुटांवर आहे ते मोजा, नकाशावर नव्हे, जागेवर, टेप लावून. आणि ती पेन्सिलची रेघ जमिनीपासून किती इंच आहे तेही लिहून न्या. फोटो इथे टाका.