सल्ला हवा: आउटबोर्ड इंजिन घरी कोरडं चालून पंप जळू नये म्हणून काय घ्यावं? (बजेट ३०००, खरंच ३०००)

रामबागी
नमस्कार मंडळी. इंदूर, रामबाग. मामेभावाबरोबर भागीत एक जुनं आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन) घेतलंय: दोन-स्ट्रोक, ९.९ हॉर्सपॉवर, शॉर्ट शाफ्ट. बारा फुटी फायबरची होडी महेश्वरला ओळखीच्यांकडे असते. इंजिन चोरीला जाईल म्हणून घरी आणतो, अंगणात लाकडी घोडीवर टांगलेलं असतं.

दिवाळीनंतर नेलं, होडीला लावलं, पहिल्या दोरीला सुरू झालं. इंजिन थंड करून मागून पडते ती पाण्याची धार काही येईना. म्हटलं येईल. पाच मिनिटांत करपल्याचा वास. खोललं तर इम्पेलरच्या (पंपातलं पाणी ओढणारं रबरी चक्र) सहा पात्यांपैकी साडेतीन शिल्लक, त्यांच्याही कडा चकाकत होत्या. मेकॅनिक म्हणाला, हे आजचं नाही, कोणीतरी आधीच कोरडं चालवलंय. नवं किट बसवलं.

आता पुन्हा होऊ नये म्हणून काय घेऊ? नळीला लावायचे ते रबरी कान (मफ), की ड्रम, की तापमानाचा अलार्म? नळ एक दिवसाआड येतो, प्रेशर यथातथाच. बजेट ३०००. वर जाता येणार नाही, घरात हा धागा वाचला जातो.

खलाशी_मालवण
पाच मिनिटं?! धार नाही दिसली की दहाव्या सेकंदाला बंद करायचं असतं मित्रा. आमच्याकडे पोरंसुद्धा दोरी ओढली की आधी मागे वळून धार बघतात.
मफ घे. साताआठशेत मिळतात. आधी नळ पूर्ण सोडायचा, बाजूने पाणी उडताना दिसलं की मगच इंजिन. आयडलवरच ठेवायचं, रेस करायची नाही. मी खाऱ्या पाण्यातून आल्यावर रोज असंच धुतो. तुमचं तर गोडं पाणी, तुमचा पंप जास्त टिकायला हवा.

भिया_छप्पन
भिया, ही कटकट ठेवूच नको. सरळ २० एचपी फोर-स्ट्रोक घे. गरम झालं की शिट्टी वाजते आणि इंजिन आपोआप मंद होतं. माझ्या साढूने घेतलंय, हनुवंतियाला नेतो. आवाज काय, मख्खन. थोडे पैसे जास्त जातील.

रामबागी
@भिया_छप्पन तीन हजारांत?

भिया_छप्पन
ईएमआय असतो ना.

पाच_सेकंद_पुरे
उगाच घाबरवतात. मी दर महिन्याला इंजिन कोरडंच पाच-दहा सेकंद फिरवतो. आठ वर्षं झाली, काही झालं नाही. पेट्रोल चढतंय की नाही कळतं, बास.

खलाशी_मालवण
@पाच_सेकंद_पुरे तुझं नशीब, सल्ला म्हणून वाटू नको. इम्पेलर पंपाच्या घराच्या मधोमध बसत नाही, एका बाजूला सरकवलेला असतो. म्हणून दर फेऱ्यात प्रत्येक रबरी पातं वाकतं, पुन्हा सरळ होतं, त्यातूनच पाणी ओढलं जातं. आणि त्या रबराला वंगण म्हणून दुसरं काही नसतं, तेच पाणी. पाणी नसेल तर पंपाच्या आतल्या स्टीलच्या कपावर कोरडं रबर घासतं. जरा रेस दिलीस तर अर्ध्या मिनिटात वास येतो.
किती वर्षांनी खोलून बघितलास?

पाच_सेकंद_पुरे
खोललं कशाला असतं? चालतंय ना.

नर्मदेहर_आजोबा
विषय वेगळा आहे, पण बोलतो. १९७८ साली नर्मदा इंदुरात आली तेव्हा आम्ही नळाला हळदकुंकू लावलं होतं. नर्मदेकाठच्या जलूदहून सत्तर किलोमीटर, घाट चढवून पाणी येतं आणि तुम्ही ते अंगणात इंजिनाला पाजणार! इंजिन तिकडे नदीतच सुरू करा की. नर्मदेचं इंजिन नर्मदेत.

ओबीएम_निवृत्त
होमगार्डमध्ये होतो, पुराच्या ड्यूटीला ओबीएम (आउटबोर्ड मोटर) बरीच हाताळली. आमच्याकडे मफ वगैरे नव्हतं. दोनशे लिटरचा ड्रम वरून कापायचा, त्यात इंजिन उतरवायचं. काही गोष्टी लक्षात ठेव:

पाणी पंख्याच्या वरच्या आडव्या पट्टीपेक्षा चांगलं वर हवं. पंप त्या पट्टीच्या वर असतो. लोक पंखा बुडाला की झालं म्हणतात आणि पंप हवेत. पंखा काढून ठेव, नाहीतर अर्धा ड्रम अंगणात येतो. न्यूट्रलमध्येच. आणि बंद गॅरेजमध्ये अजिबात नाही, धुराने माणूस जातो.

वर नळाच्या प्रेशरवर मफ लावायला सांगितलंय. एक दिवसाआडचा नळ आणि मफ हे जमणार नाही. टाकी एक मजला वर असेल तर कशीबशी धार येते. एकमजली घर असेल तर नादच सोड.

भिया_छप्पन
टिल्लू (नळातून पाणी खेचायचा छोटा पंप) लाव ना लाइनला. प्रेशरच प्रेशर.

नर्मदेहर_आजोबा
टिल्लूवाल्यांमुळेच आमच्या गल्लीत पाणी येत नाही. महापालिकेने टिल्लू जप्त केले तर बरंच होईल.

भिया_छप्पन
आजोबा, अख्खी कॉलनी लावते.

नर्मदेहर_आजोबा
म्हणूनच येत नाही.

स्वच्छ_शहर
ड्रमचा सल्ला देणाऱ्यांना विचारतो, नंतर ते पाणी कुठे ओतणार? दोन-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर तेल जळतं, ड्रमवर तवंग येतो. २०१७ पासून स्वच्छतेत पहिले म्हणून मिरवतो आपण. गटारात ओताल तर मीच फोटो काढून पाठवीन.

नळीवाला
मफ घे. आधी नळ, मग इंजिन. रेस करायची नाही. नाहीतर इंजिनाच्या बाजूला फ्लशचं तोंड असतं, त्याला नळी लावली की मफही नको. पैसे वाचतील.

ओबीएम_निवृत्त
@नळीवाला हे चुकीचं आहे, कोणी करू नका. बऱ्याच इंजिनांवर ते तोंड बंद इंजिन धुण्यासाठी असतं. पाणी थेट वर इंजिनाच्या डोक्यात जातं, पंपापर्यंत नीट पोचत नाही. लोक ते लावून इंजिन सुरू करतात, वर थंड आणि खाली इम्पेलर जळतोय. आपल्या मॉडेलचं पुस्तक बघितल्याशिवाय नाही.

ट्रोलिंग_तात्या
मी सगळं विकून इलेक्ट्रिक ट्रोलिंग मोटर घेतली. पंप नाही, इम्पेलर नाही, धार नाही, धूर नाही. मोटर पाण्यातच बुडलेली. बॅटरी शंभर एएचची. वजनाची सवय होते.

रामबागी
@ट्रोलिंग_तात्या किंमत?

ट्रोलिंग_तात्या
मोटर वेगळी, बॅटरी वेगळी, चार्जर वेगळा. शांतता अमूल्य.

यशवंतनगरी
एवढं कशाला, सकाळी यशवंत सागर तलावाला नेऊन पाण्यात सुरू करून बघ. जवळ पडतं.

स्वच्छ_शहर
यशवंत सागर आणि सिरपूर दोन्ही तलाव २०२२ पासून रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची यादी) आहेत. पाणपक्षी बघायला लोक येतात तिथे. दोन-स्ट्रोक घेऊन जा म्हणणाऱ्याला काय म्हणावं!

यशवंतनगरी
बरं, नाही म्हणत. पोहे खायला तरी या तिकडे.

मंडलेश्वरची
सगळे घरातल्या कोरड्याबद्दल बोलताय. आमच्याकडे पंप जास्त करून पाण्यातच कोरडे होतात.

माझ्या भावाची होडी आहे. घाटाजवळ हार, नारळाच्या शेंड्या, चुनरी, पॉलिथीन काय काय तरंगत असतं. खालच्या भागाला पाणी घेणाऱ्या जाळ्या असतात, त्यांवर चुनरी गुंडाळली की संपलं. होडी पाण्यात, पंप कोरडा. मागच्या नवरात्रात भावाची धार एकदम बारीक झाली. त्याने लगेच बंद केलं, इंजिन वर उचललं, तर जाळीवर झेंडूची माळ. सोडवली, धार आली. इम्पेलर वाचला, कारण तो बघत होता.

दुसरं म्हणजे सहस्रधारेकडे जाताना उथळ पाणी आणि वाळू. तिथे इंजिन चालू ठेवून तळाशी घासलंत तर पंप वाळू पितो. इम्पेलर नवा असला तरी त्याच्या कपाला चरे पडतात आणि मग नवा इम्पेलरही पाणी ओढत नाही. किट घेताना नुसता इम्पेलर घेतला की कप आणि इम्पेलरच्या खालची पट्टीही?

धार नसेल तर लगेच इम्पेलरला दोष देऊ नका. धार पडते ते भोक गांधीलमाशी मातीने बुजवते. गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी घालून मोकळं करा. तार नको, आत तुटते.

आणि दोन प्रश्न कोणीच विचारले नाहीत. सहा पात्यांतली अडीच कमी होती. ती अडीच गेली कुठे? आणि घरी इंजिन मुळात सुरू केलं कोणी?

खलाशी_मालवण
पातीबद्दल मीही तेच लिहिणार होतो.

पाच_सेकंद_पुरे
निघून गेली असतील पाण्याबरोबर.

ओबीएम_निवृत्त
नाही जात. वर चढतात आणि थर्मोस्टॅटपाशी (तापमान बघून पाणी सोडणारी झडप) नाहीतर डोक्यातल्या बारीक वाटांत अडकतात. थर्मोस्टॅट उघडा, तुकडे मोजा. अडीच पुरे होईपर्यंत शोधत राहा. नाहीतर नवा पंप पाणी देईल आणि इंजिन तरी तापेलच.
पुन्हा पंप खोललात तर: इम्पेलरला साबणाचं पाणी लावा, ग्रीस नको. शाफ्टवरची छोटी चावी हरवू नका. आणि घर खाली दाबताना शाफ्ट घड्याळाच्या दिशेने फिरवत राहा, म्हणजे पाती योग्य बाजूला झुकतात. मागे फिरवू नका.

भिया_छप्पन
एवढं करण्यापेक्षा फोर-स्ट्रोक.

रामबागी
आठ दिवसांनी लिहितोय, माफी.

@मंडलेश्वरची ताई, नुसता इम्पेलर घेतला होता. कपाला नख लावून बघितलं तर चरा लागला. कप आणि पट्टी मागवली. थर्मोस्टॅट उघडला तर दोन तुकडे सापडले, तिसरा पाण्याच्या नळीच्या वरच्या तोंडाशी. जुळवून बघितले, जवळजवळ अडीच पाती भरली.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जरा अवघड होतं. घरात विचारलं. आधी सगळे गप्प. मग कळलं की गणपतीला पाहुणे आले होते आणि भाच्याने अंगणात "मामाचं इंजिन" सुरू करून दाखवलं. एकदा नाही. मोदक झाल्यावर एकदा आणि आरतीनंतर पुन्हा, कारण काही पाहुणे उशिरा आले.

तर ठरवलंय. मफ घेत नाही, ड्रम नाही, अलार्मही नाही. इंजिन घरी कोणी सुरूच करणार नाही. त्याची लाल क्लिपवाली दोरी असते ना, ती काढली की ठिणगीच पडत नाही, कितीही ओढा. ती क्लिप आता आईच्या देवघरात, गंगाजलाच्या गडूमागे. तिथे भाचा हात घालत नाही, आई पाठीत धपाटा देते. सुरू करायचं ते नदीत उतरवल्यावर, आजोबा म्हणाले तसं.

खलाशी_मालवण
म्हणजे कोणाचंच ऐकलं नाहीस. मोसम संपल्यावर धुणार कसं?

नर्मदेहर_आजोबा
माझं ऐकलं.

नळीवाला
मफ तरी घेऊन ठेव. साताआठशेला मिळतात.

ओबीएम_निवृत्त
चालेल, पण क्लिपची जोडक्लिप घे. इंदूर ते महेश्वर नव्वद किलोमीटर आहे आणि क्लिप देवघरात.

रामबागी
@ओबीएम_निवृत्त काका, रविवारी तेच झालं. घाटावर पोचल्यावर आठवलं. आईला फोन केला तर म्हणाली, आहे इथेच, सुरक्षित आहे.

ओबीएम_निवृत्त
क्लिप बसते त्या बटणाच्या मागे सुतळीचे तीन-चार घट्ट वेढे मारले तरी बटण बाहेर राहतं आणि इंजिन सुरू होतं. तात्पुरतं. पण मग माणूस पाण्यात पडला तर इंजिन बंद होणार नाही, तेवढं ध्यानात ठेव.

रामबागी
ही पोस्ट काढता येईल का? भाचा आता इथे सभासद झालाय.