नदीतल्या क्रूझवरून घरी रोज व्हिडिओ कॉल लागतो का? (डॅन्यूब, बुडापेस्टच्या खाली)

अनघा_न

सप्टेंबरमध्ये मी आणि हे डॅन्यूबच्या क्रूझवर निघतोय. बुडापेस्टहून खाली क्रोएशिया, सर्बिया आणि मग बल्गेरिया-रोमानिया असा मार्ग आहे. बुकिंग झालंय, बॅगांना अजून हात लावलेला नाही, पण काळजी वेगळीच लागून राहिलीय.

घरी माझे वडील आहेत, वय ८४. भाऊ-वहिनी सोबत असतात, त्यामुळे देखभालीचा प्रश्न नाही. प्रश्न रात्री आठचा आहे. लग्न झाल्यापासून मी कुठेही असले तरी आठला अप्पांना फोन करते. आठ वाजून दहा मिनिटं झाली की ते फोन मांडीवर घेऊन बसतात. वीस मिनिटं झाली की वहिनीला विचारतात, "बघ गं, माझा फोन बंद तर पडला नाही ना?" त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे साध्या कॉलचा उपयोग नाही. ओठ दिसले की निम्मं समजतं.

माहितीपत्रकात "जहाजावर मोफत वायफाय" एवढंच लिहिलंय. त्यावर व्हिडिओ कॉल खरंच होतो का? सिम कुठलं घ्यावं? आणि काही अडलं तर घरच्यांनी आम्हाला गाठायचं कसं?

भटका_विमुक्त

ताई, सुट्टीवर जाताय की ड्यूटीवर? फोन तिजोरीत ठेवा आणि नदी बघा. आठ दिवसांत काही बिघडत नाही.

अनघा_न

तुमचं नाही बिघडणार हो, अप्पांचं बिघडतं. :)

काठावरचा

अनघाताई, हाच मार्ग आम्ही ऑगस्ट २०२२ मध्ये केला. माझी आई तुमच्या अप्पांची सख्खी बहीण शोभेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वायफाय मोफत असतं, खोटं नाही. पण ते काठावरच्या मोबाइल टॉवरवरून नाहीतर उपग्रहावरून येतं आणि जहाजावरच्या सगळ्यांत वाटलं जातं. घरचे आठ म्हणजे तिथे दुपार उलटलेली. नेमके तेव्हाच सगळे शहर फिरून परत येतात आणि नेटवर तुटून पडतात. त्यात जहाज पोलादी. आमची केबिन सगळ्यात खालच्या मजल्यावर होती. तिथे खिडकी म्हणजे छताजवळ एक काच, काचेखाली लगेच पाणी. केबिनमध्ये फोनची एक दांडी, जिना चढून लाउंजमध्ये गेलं की तीन. व्हिडिओ कॉल वरूनच करा. पहाटे सहाला तर नेट अगदी मोकळं असतं.

आता आमची फजिती. निघताना मीही आईला सांगून बसलो होतो, "रोज आठ." बेलग्रेड सोडलं की पुढे आयर्न गेटची घळ लागते. डोंगर दोन्हीकडून अंगावर येतात, कझानपाशी तर नदी दीडशे मीटरवर आवळते. आणि इथे नदी हीच सीमा आहे. उजवीकडे सर्बिया, डावीकडे रोमानिया. रोमानियाचं घड्याळ एक तास पुढे. माझा फोन वळणागणिक कधी इकडचा टॉवर पकडायचा, कधी तिकडचा, आणि दर वेळी वेळ बदलायचा. बायकोचा गजर पाचलाच वाजला. तो बंद करून आम्ही झोपलो, तर खरे सहा वाजताना माझा वाजला. त्या दिवशी घरचे आठ नक्की कधी, यावर आमच्यात जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही.

शेवटी अंदाजाने फोन लावला आणि लागला. त्याच वेळी जहाज धरणाच्या लॉकमध्ये शिरलं. हे धरण युगोस्लाव्हिया आणि रोमानियाने मिळून बांधलं, १९७२ मध्ये पूर्ण झालं. लॉक दोन टप्प्यांचं आहे. आत जाऊन दार लागलं की पाणी सोडतात आणि जहाज लिफ्टसारखं खाली बसत जातं. आमच्या बाजूची काँक्रीटची भिंत काचेबाहेर वर वर सरकायला लागली, ओली, काळी, मधूनच हिरवं शेवाळ. मी आईला म्हणत होतो, "अगं आई, हे बघ..." आणि चित्र गोठलं. मला वाटलं, कट झाला. मी भिंत बघायला डेकवर पळालो. तिकडे आईच्या फोनवर माझं तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले, तसंच चित्र अडकून राहिलं. तिने बहिणीला हाक मारली, "याला झटका आलाय." आम्ही खालच्या दारातून बाहेर आलो तेव्हा माझ्या फोनवर बहिणीचे चौदा मिस्ड कॉल होते.

तेव्हापासून मी एकच करतो. कधी बोलणार हे सांगत नाही, कधी बोलता येणार नाही हे सांगतो. रोज संध्याकाळी केबिनमध्ये दुसऱ्या दिवसाच्या कार्यक्रमाचा कागद ठेवतात. लॉक, घळ, धक्क्याला लागायची वेळ सगळं त्यात असतं. त्याचा फोटो काढून फोनवरच लाल रेघ मारायची: इथून इथपर्यंत फोन लागणार नाही. घरची वेळ बाजूला लिहायची. दोन दिवसांत आईच बहिणीला सांगायला लागली, "आत्ता नको लावूस, ते भिंतीत आहेत." आणि व्हॉट्सअ‍ॅपची एक टिक म्हणजे जहाजावरच्या तुमच्या फोनला नेट नाही, बाकी काही नाही, हे अप्पांना आधीच समजावून ठेवा. एका टिकेवरून माणसं कुठच्या कुठे जातात.

सिमचं थोडक्यात: एका ईयू (युरोपियन युनियन) देशाचं सिम बाकीच्या ईयू देशांत रोमिंगला देशातल्याच दराने चालतं, हा नियम १५ जून २०१७ पासून आहे. पण सर्बिया ईयूत नाही, आणि तुमच्या मार्गात तो चांगला दोन-तीन दिवस आहे. "युरोप" लिहिलेलं ई-सिम घेताना देशांची यादी उघडून सर्बिया शोधा. नेट ई-सिमवर घेतलं तरी व्हॉट्सअ‍ॅप जुन्याच नंबरवर चालू राहतं, बदलायचा का विचारलं तर नाही म्हणा. घरचं सिम बँकेच्या ओटीपीसाठी चालू ठेवा, त्याचं डेटा रोमिंग मात्र बंद.

घरच्यांनी गाठायचं तर जहाजाचं नाव, केबिन नंबर, रिसेप्शनचा फोन आणि क्रूझ कंपनीचा चोवीस तासांचा नंबर, हे चार मोठ्या अक्षरात कागदावर लिहून फ्रिजला लावा. फोनमध्ये सेव्ह करून दिलं तर ऐन वेळी सापडत नाही.

मुक्ता_घरी

मी तिकडे गेलेली नाही, मी घरी राहणारी. आईबाबा ऱ्हाइनवर गेले होते. भावाने त्यांच्या जहाजाचं नाव मरीनट्रॅफिक या जहाजं दाखवणाऱ्या साइटवर टाकून दिलं आणि आजीचं बस्तान बसलं. जहाजं स्वतःची जागा रेडिओवरून सतत सांगत असतात, एआयएस म्हणतात त्याला. ऱ्हाइनवर ते डिसेंबर २०१४ पासून सक्तीचं आहे. नकाशावर आपलं जहाज सरकताना दिसतं. फोन आला नाही तरी आजी म्हणायची, "चाललेत ना, मग ठीक."

दुसरं, सगळ्या गोतावळ्याला वेगवेगळं कळवत बसू नका. घरी एकच माणूस ठरवा. आमच्याकडे आईने मावशीला वेगळं सांगितलं, मला वेगळं, आणि दोघींनी मिळून तिसरंच काहीतरी तयार केलं.

काठावरचा

मुक्ता, ठिपक्याची कल्पना चांगलीच, पण अनघाताई, एक सांगून ठेवा: ठिपका जहाजाचा असतो, माणसांचा नाही. आम्ही गेलो त्या ऑगस्टमध्ये पाणी इतकं उतरलं होतं की सर्बियात प्राहोवोजवळ दुसऱ्या महायुद्धात बुडालेली जर्मन जहाजं वर आली होती. आमचं जहाज त्याच्या अलीकडेच थांबलं आणि आम्हाला बसने पुढे नेलं. मी बल्गेरियातून किल्ल्याचे फोटो पाठवतोय आणि बहीण विचारतेय, "दोन दिवस तिथेच उभे आहात, आम्हाला कशाला बनवतोस?"

ढोबळमानाने

थोडं अवांतर. कुणी यांगत्सेवर जाणार असेल तर तिथे जहाजाच्या वायफायवर व्हॉट्सअ‍ॅप उघडतच नाही, चीनमध्ये ते बंद आहे. घरच्या सिमचं रोमिंग घेतलं तर चालतं, कारण ते नेट घरच्या कंपनीमार्फत येतं. आम्हाला हे कळेपर्यंत थ्री गॉर्जेसचं पाच पायऱ्यांचं लॉक ओलांडून झालं होतं. त्यातच चारेक तास गेले होते.

अनघा_न

सगळ्यांचे आभार. लाल रेघेची आयडिया अप्पांना दाखवली. म्हणाले, "रेल्वेचं वेळापत्रक आहे होय हे, मग कळलं."

अनघा_न (महिन्याने)

आलो परत. सर्बिया असलेलं ई-सिम घेतलं, लाउंजमधून रोज नीट दिसलो. आयर्न गेटला दोन तास रेघ मारली होती, लागले तीन, त्या एका तासात वहिनीने फक्त एकदा मेसेज केला.

घड्याळ पुढे झालं त्या दिवशी मी चक्क विसरले. लाउंजमध्ये गप्पा मारत बसले होते. घरचे सव्वाआठ झाले आणि आयुष्यात पहिल्यांदा अप्पांनीच मला व्हिडिओ कॉल लावला. मी उचलून "सॉरी अप्पा" म्हणतेय तर ते ऐकतच नव्हते. एका हातात भाचीचा टॅब, त्यावर नकाशा, आणि चष्मा कपाळावर.

"ते राहू दे. मला सांग, तुमचं जहाज विदिन बंदरापाशी येऊन उलटं का फिरलं? कुणी राहिलं का मागे?"

मला माहीत नव्हतं. रिसेप्शनला जाऊन विचारून आले. प्रवाहाबरोबर खाली येणारं जहाज धक्क्याला लागताना वळून तोंड प्रवाहाकडे करतं, म्हणजे पाण्याच्या जोरावर ताबा राहतो. अप्पांना तीनदा सांगितलं, तिसऱ्यांदा ओठ बघून समजलं.

"हां," म्हणाले, "मग उद्या रुसे बंदरालाही फिरेल. बघतो."