बेसबॉलमधील फलंदाजीची सरासरी : भागायचे नेमके कशाने?

प्रश्न
क्रिकेटमध्ये एकूण धावांना फलंदाज जितक्या वेळा बाद झाला त्या संख्येने भागले की सरासरी निघते. बेसबॉलमध्ये मात्र उत्तम फलंदाजाच्या नावापुढेही ०.३१२ असा एकाहून लहान आकडा दिसतो. तो कसा काढतात? आणि फलंदाज पहिल्या बेसवर (मैदानातील चार थांब्यांपैकी पहिल्यावर) पोहोचला तरी त्याची सरासरी कधी वाढते, कधी घटते, तर कधी तशीच राहते, हे कसे?

प्रतिसाद १
या सरासरीत धावा मोजतच नाहीत. हिट्सच्या (स्वतःच्या फटक्याने बेस गाठण्याच्या) संख्येला अ‍ॅट-बॅटच्या (हिशेबात धरलेल्या फलंदाजीच्या पाळ्यांच्या) संख्येने भागून उत्तर तीन दशांश स्थळांपर्यंत देतात. फटक्यावर एकच बेस मिळो वा होम रन होवो, हिट एकच धरली जाते.

खरी मेख छेदात आहे. फलंदाजीची प्रत्येक पाळी अ‍ॅट-बॅट ठरत नाही. चार ‘बॉल’ (न खेळलेले, ठरलेल्या टप्प्याबाहेरचे चेंडू) पडल्याने मिळालेला वॉक, अंगावर चेंडू लागल्याने मिळालेला बेस, सॅक्रिफाइस बंट (स्वतः बाद होऊन सहकाऱ्याला पुढच्या बेसवर नेणारा हलका टोला) आणि धाव मिळवून देणारा सॅक्रिफाइस फ्लाय (झेलबाद होणारा उंच फटका) या पाळ्या वगळतात. म्हणून वॉकने सरासरी हलत नाही. क्षेत्ररक्षकाच्या चुकीमुळे बेस मिळाला तर मात्र पाळी मोजली जाते, हिट मिळत नाही, आणि फलंदाज बेसवर उभा असूनही सरासरी घसरते.

प्रतिसाद २
तीन स्थळांच्या या हिशेबाचे मोल १९४१ च्या हंगामात दिसते. बोस्टन रेड सॉक्स संघाच्या टेड विल्यम्सच्या नावावर शेवटच्या दिवसापूर्वी ४४८ अ‍ॅट-बॅटमध्ये १७९ हिट्स होत्या, म्हणजे ०.३९९५५, जे पूर्णांकन करून ०.४०० या मानाच्या टप्प्याइतके धरले गेले असते. तो बाहेर बसू शकत होता. पण फिलाडेल्फियातील दोन्ही सामने तो खेळला, ८ अ‍ॅट-बॅटमध्ये ६ हिट्स मिळवल्या आणि १८५ भागिले ४५६, म्हणजे ०.४०६ वर हंगाम संपवला. त्या काळी सॅक्रिफाइस फ्लायची सवलत नव्हती, म्हणजे ती पाळीही छेदात धरली जाई, ही गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. मग वॉक मिळवण्याच्या कौशल्याची नोंद कुठेच होत नाही का? आणि मोजक्याच पाळ्या खेळलेल्या फलंदाजाला अव्वल क्रमांक मिळू शकतो का?

प्रतिसाद ३
वॉकसाठी ‘ऑन-बेस पर्सेंटेज’ हे वेगळे माप आहे. त्याच हंगामात विल्यम्सला १४७ वॉक मिळाले होते आणि ३ वेळा चेंडू अंगावर लागला होता. ते धरून ६०६ पाळ्यांत तो ३३५ वेळा बेसवर पोहोचला, म्हणजे ०.५५३. फलंदाजाचे खरे मोल माझ्या मते या आकड्यातून अधिक कळते.

दुसऱ्या प्रश्नाबाबत : सरासरीच्या विजेतेपदासाठी संघाच्या प्रत्येक सामन्यामागे ३.१ पाळ्या, म्हणजे १६२ सामन्यांच्या हंगामात ५०२ पाळ्या आवश्यक असतात. १९९६ मध्ये सॅन डिएगोच्या टोनी ग्विनच्या ४९८ पाळ्या झाल्या होत्या. नियमाप्रमाणे उरलेल्या ४ पाळ्या हिटविना गेल्या असे मानून १५९ ला ४५१ ऐवजी ४५५ ने भागले, ०.३५३ चे ०.३४९ झाले, तरीही ते दुसऱ्या क्रमांकाच्या एलिस बर्क्सच्या ०.३४४ पेक्षा जास्त असल्याने विजेतेपद ग्विनलाच मिळाले. अधिकृत नोंदीत मात्र त्याची सरासरी ०.३५३ हीच राहिली.